पाण्याचाही वाटा

देवगड तालुक्यात वर्णपटशास्त्र पहिल्यांदा मुक्कामाला आले ते विजयदुर्गावर. किल्ल्यात शिरलेल्या माणसाला कोणी ना कोणी ‘साहेबाचे कट्टे’ दाखवतेच. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर यांना हेलियम सापडला तो इथूनच, असे सांगितले जाते आणि दर वर्षी त्या तारखेला किल्ल्यावर हेलियम दिन साजरा होतो. कागदपत्रे वेगळे सांगतात. त्या ग्रहणाच्या वेळी फ्रेंच खगोलवेत्ते जान्सेन गुंटूरला होते, धाकटे जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात होते आणि लॉकियर होते इंग्लंडात. सूर्याच्या कडेवरची पिवळी रेषा त्यांनी २० ऑक्टोबरला, ग्रहण नसताना, तिकडूनच पाहिली. विजयदुर्गला ते आले तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. ‘मेल्पोमीन’ या ब्रिटिश युद्धनौकेवरची माणसे हाताशी घेऊन, दोनेक मिनिटांच्या अंधारात सूर्यकडेचा वर्णपट छायाचित्रांत पकडणे हे त्यांचे काम होते. हेलियम तोवर पृथ्वीवरही सापडला होता. रॅमसे यांनी तो १८९५ मध्ये एका खनिजातून वेगळा काढला होता.

आख्यायिका गेली म्हणून किल्ल्याचा मान कमी होत नाही. १८९८ ची खरी हकिकत तिच्याहून अधिक शिकवणारी आहे. त्या दिवशी सावली कोकणच्या किनाऱ्यावरून आत सरकली. पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी नायगमवाला जेऊरला यंत्रे मांडून बसले होते. वऱ्हाडात तळणी येथे जॉन एव्हरशेड होते. एव्हरशेड यांच्या छायाचित्रांत एक विलक्षण गोष्ट उतरली. हायड्रोजनच्या रेषा अतिनील भागाकडे जाताना दाटत दाटत ३६४.६ नॅनोमीटरपाशी संपतात. त्या सीमेच्या पलीकडे, जिथे काहीच नसायला हवे, तिथे सलग उजेड आढळला. तो उजेड खरा होता. तो का आहे, हे सांगण्याचे साधन मात्र त्या वेळी कोणाकडेच नव्हते. १९१३ मध्ये बोर यांनी अणूचे गणित मांडले, आणि मग कळले की मोकळा फिरणारा इलेक्ट्रॉन प्रोटॉनने पकडला की असा सलग प्रकाश बाहेर पडतो. तळणीची नोंद पंधरा वर्षे उत्तराची वाट पाहत राहिली. ती जपून ठेवली होती, म्हणूनच उत्तर आल्यावर तिचा उपयोग झाला.

मोजणारा माणूस निराळा आणि गणित करणारा निराळा, अशी आपली समजूत शाळेपासून घट्ट झालेली असते. प्रयोगशाळेतून आकडा येतो तो पक्का आणि कागदावर गणिताने काढलेला आकडा म्हणजे अंदाज, हेही त्याच समजुतीचे दुसरे अंग. ही समजूत खोटी आहे. ती किती खोटी आहे हे पाहण्यासाठी सूर्यापर्यंत जाण्याची गरज नाही. विहिरीच्या पाण्यात विरघळलेले आयन अतिनील प्रकाश कसा शोषतात, एवढा प्रश्न पुरे आहे.

सूर्याच्या विरळ वायूत अणू एकटा असतो. शेजारी इतका दूर की त्याची ढवळाढवळ जवळजवळ नाहीच. म्हणून त्याच्या वर्णपटात बारीक, धारदार रेषा उमटतात; पिवळ्या रेषेवरून हेलियम ओळखता आला तो या धारेमुळे. पाण्यात विरघळलेल्या आयनाचे तसे नाही. त्याच्या वर्णपटात रेषा नसतात, पसरट डोंगर असतात. भोवतीचे पाण्याचे रेणू सतत हलत असतात, क्षणोक्षणी वेगवेगळ्या बाजूंनी आयनाला ओढत असतात. एका आयनाला या क्षणी जेवढी ऊर्जा लागते तेवढीच शेजारच्या आयनाला लागत नाही. कोट्यवधी आयनांच्या किंचित वेगळ्या रेषा एकमेकींवर पडून डोंगर तयार होतो. त्याची रुंदी म्हणजे पाण्याच्या हालचालीचीच नोंद. हे ध्यानात घेतले की ‘नायट्रेटचा वर्णपट’ हा शब्दप्रयोगच अपुरा वाटू लागतो. तो नायट्रेटचा आणि पाण्याचा मिळून वर्णपट असतो.

प्रयोगशाळेतली रीत जवळून पाहिली तर गणित कुठे कुठे दडले आहे ते दिसते. पाणी आधी गाळून घेतात. ५० मिलिलिटर पाण्यात एक मिलिलिटर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घालतात, म्हणजे कार्बोनेट आणि हायड्रॉक्साइड यांचा त्रास टळतो. मग ते पाणी क्वार्ट्झच्या छोट्या चौकोनी क्युवेटमध्ये ओततात. साधी काच चालत नाही, कारण ३०० नॅनोमीटरच्या खाली ती स्वतःच प्रकाश गिळते. क्युवेट खरखरीत बाजूंनीच धरायची. पारदर्शक बाजूला बोट लागले तर बोटाचे तेलही अतिनील प्रकाश शोषते आणि ते पाण्याच्या खाती जमा होते. प्रकाशही विकतचाच, म्हणजे ड्यूटेरियमच्या दिव्याचा. सूर्याचा या भागातला प्रकाश ओझोनचा थर वरच्या वर अडवतो, त्यामुळे २२० नॅनोमीटरचा उन्हाचा कवडसा देवगडजवळच्या जामसंड्याच्या कोणत्याही विहिरीवर कधी पडत नाही. आधी ऊर्ध्वपातित पाणी ठेवून यंत्र शून्यावर आणतात, मग नमुना. वाचन दोनदा होते: एकदा २२० नॅनोमीटरला, एकदा २७५ ला.

दोनदा का, यातच सगळे आले. नायट्रेटचा मोठा डोंगर २०० नॅनोमीटरच्या आसपास आहे. २२० ला त्याचा उतार लागतो आणि तिथेही शोषण भरपूर असते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. इतके नायट्रेट असलेल्या पाण्याच्या एका सेंटिमीटरमधून २२० चा एक टक्काही प्रकाश पार होत नाही. असा नमुना पातळ करूनच मोजावा लागतो. पण २२० ला फक्त नायट्रेटच प्रकाश शोषते असे कोणी सांगितले? कुजलेल्या पानांतून, मातीतून, सांडपाण्यातून आलेले सेंद्रिय पदार्थही तिथे शोषतात. ते २७५ लाही शोषतात, नायट्रेट मात्र तिथे जवळजवळ गप्प असते. म्हणून २७५ चे वाचन दुप्पट करून २२० च्या वाचनातून वजा करायचे. समजा २२० ला ०.४१२ आले आणि २७५ ला ०.०१५, तर उरले ०.३८२. हा आकडा प्रमाण द्रावणांच्या आलेखावर नेला की अहवालात ‘नायट्रेट’ म्हणून उतरतो.

आंब्याची भरलेली पेटी काट्यावर ठेवून त्यातून रिकाम्या पेटीचे वजन वजा करावे, तसा हा प्रकार. फरक एवढाच की इथे रिकामी पेटी कोणी वेगळी तोललेली नाही. सगळ्या पेट्या साधारण इतक्याच भरतात, असे धरून चालायचे. दुपटीचा नियम अनुभवातून आलेला आहे. सेंद्रिय पदार्थ २७५ ला जेवढे शोषतात त्याच्या दुप्पट २२० ला शोषतात, हे सरासरीने बरेचसे खरे असते. एखाद्या विशिष्ट विहिरीपुरते खरे असेलच असे नाही. रीत लिहिणाऱ्यांना याची पूर्ण जाणीव होती. वजाबाकी २२० च्या वाचनाच्या एक दशांशाहून अधिक होत असेल तर ही पद्धत वापरू नका, असे त्यांनी स्पष्ट लिहिले आहे. पण अहवालाच्या छापील चौकटीत ही सूचना येत नाही. तिथे एकच आकडा येतो, दशांश चिन्हासकट.

हा आकडा क्षुल्लक नाही. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यातले डॉक्टर हंटर कॉमली यांनी दाखवून दिले की नायट्रेटयुक्त विहिरीच्या पाण्यात कालवलेले दूध पिऊन तान्ही मुले निळी पडतात. रक्तातल्या हिमोग्लोबिनची ऑक्सिजन वाहण्याची ताकद जाते. आज भारतात हा प्रश्न कुठल्या कोपऱ्यातला राहिलेला नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशभरातल्या नमुन्यांपैकी सुमारे पाचवा हिस्सा ४५ मिलिग्रॅमच्या वर निघाला, आणि सर्वाधिक झळ पोचलेल्या जिल्ह्यांत वर्धा, बुलढाणा, अमरावती यांची नावे आहेत. कोकणातली स्थिती तशी नाही. तरी जांभा सच्छिद्र दगड आहे. सड्यावर पडलेला पाऊस त्यातून झरझर खाली जातो. शोषखड्ड्याचे पाणीही त्याच वाटेने जाते. तेव्हा मोजत राहणे भागच आहे, आणि मोजताना आपण काय काय गृहीत धरतो आहोत हेही माहीत असले पाहिजे.

किनाऱ्यावर आणखी एक शंका निघते. समुद्राच्या पाण्यात ब्रोमाइड असते, लिटरला ६५ मिलिग्रॅमच्या वर. ब्रोमाइडचा डोंगर २०० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे नायट्रेटच्या अगदी अंगावर. खाडीलगतच्या विहिरींत उन्हाळ्यात खारे पाणी शिरते. मग तिथला नायट्रेटचा आकडा खोटा म्हणायचा का? इथे साधे गणित उपयोगी पडते. क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅम झाले की पाणी मानकाच्या पहिल्या मर्यादेला टेकते. समुद्रात क्लोराइड १९ हजारांच्या वर असते, म्हणजे त्या विहिरीत समुद्राचे पाणी सव्वा टक्क्याच्या आसपास शिरले. त्याबरोबर आलेले ब्रोमाइड लिटरला एक मिलिग्रॅमही भरत नाही, आणि २२० ला त्याच्या डोंगराचा पायथाच काय तो उरतो. पिण्याजोग्या विहिरीपुरती ही भीती निराधार ठरते. भरतीच्या खाडीत मात्र चित्र पालटते. समुद्राच्या पृष्ठभागावर नायट्रेट बहुतेक वेळा जवळजवळ नसतेच. तिथे २२० ला जे शोषण दिसते ते मुख्यतः ब्रोमाइडचे. तिथे विहिरीची रीत लावून आकडा काढला, तर नसलेले नायट्रेट अहवालात येईल. यंत्र तेच, तरंगलांबी तीच, माणूसही तोच. उत्तर खरे की खोटे हे वजाबाकीत काय धरले यावर ठरते.

ब्रोमाइडच्या या डोंगरामागची गोष्ट विज्ञानातल्या सुंदर गोष्टींपैकी एक आहे, आणि ती पाण्याचा वाटा किती मोठा आहे हे सांगते. ती आयोडाइडच्या बाबतीत सर्वांत स्पष्ट दिसते. एकटा, निर्वातात असलेला आयोडाइड आयन घ्या. त्याच्या जवळचा जादा इलेक्ट्रॉन काढायला ३.०६ इलेक्ट्रॉन व्होल्ट पुरतात. जांभळा प्रकाशही ते काम करतो. इलेक्ट्रॉन निघतो तो निघूनच जातो. वरच्या एखाद्या पायरीवर थांबावा, तर एकट्या आयोडाइडला तशी पायरीच नाही. आता हाच आयन पाण्यात टाका. आता त्याचे शोषण २२६ नॅनोमीटरला दिसते, म्हणजे जवळपास साडेपाच इलेक्ट्रॉन व्होल्ट. ऊर्जा पावणेदोनपटीवर गेली, कारण पाण्याने आयनाला चहूबाजूंनी घट्ट धरले आहे. आणि प्रकाश खाल्ल्यावर इलेक्ट्रॉन थांबतो कुठे? आयोडीनपाशी जागा नाही. तो आयनाभोवतीच्या पाण्याच्या रेणूंनी मिळून केलेल्या पोकळीत पसरतो. ती पायरी पाण्याची आहे. फ्रांक आणि शाइबे यांनी १९२८ मध्ये या शोषणांचा मेळ लावायला सुरुवात केली, आणि पुढे प्लॅट्झमन आणि फ्रांक यांनी १९५४ मध्ये त्याचा सिद्धान्त नीट बांधला. पाण्यात सुटलेला इलेक्ट्रॉन प्रत्यक्ष पकडला गेला १९६२ मध्ये. हार्ट आणि बोग यांना त्याचे शोषण ७२० नॅनोमीटरच्या आसपास सापडले. पाण्याने धरलेला नुसता इलेक्ट्रॉन, आणि त्यालाही स्वतःचा वर्णपट.

मग हे सगळे संगणकावर काढता येईल का? येते, पण फार सांभाळून. पहिली अडचण पाण्याचीच. आयनाभोवती पाच-सहा रेणू ठेवून भागत नाही. पोकळी त्यांच्या पलीकडे पसरते. शेकडो रेणू घ्यावेत तर क्वांटम गणित आवाक्याबाहेर जाते, कारण रेणू दुप्पट केले की काम दुपटीने वाढत नाही, कित्येक पटींनी वाढते. महाराष्ट्रातल्या संशोधनाचे या अडचणीशी जुने नाते आहे. पुणे विद्यापीठात श्रीधर गद्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात मोठ्या रेणूचे एकमेकांवर चढणारे तुकडे पाडून, प्रत्येकाचे गणित वेगळे करून ते पुन्हा जोडण्याची पद्धत विकसित केली. तिचे नावच ‘मॉलिक्युलर टेलरिंग’. पुढे पाण्याच्या मोठ्या पुंजक्यांनाही ती लावली गेली. त्याच पुण्यात १९९१ मध्ये विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅकने ‘परम ८०००’ उभा केला होता. तुकडे वाटून घेऊन एकाच वेळी सोडवणे ही समांतर संगणकाची मूळ कल्पना, आणि अशा गणिताला तीच लागते.

दुसरी अडचण अधिक फसवी आहे. रेणूंचे वर्णपट काढण्यासाठी आज सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत घनता-फलनाच्या सिद्धान्तावर उभी आहे. वॉल्टर कोन यांना १९९८ चे नोबेल या सिद्धान्तासाठी मिळाले, आणि कालानुरूप बदलणाऱ्या प्रणालींसाठी त्याचा विस्तार रुंगे आणि ग्रॉस यांनी १९८४ मध्ये केला. साध्या रंगद्रव्यांसाठी ती उत्तम चालते. पण इलेक्ट्रॉन एका ठिकाणाहून उठून दुसऱ्या ठिकाणी जात असेल, तर तिची साधी रूपे ऊर्जा वाजवीपेक्षा बरीच कमी दाखवतात. आणि पाण्यातल्या ब्रोमाइड-आयोडाइडचे शोषण म्हणजे तर नेमके तेच: इलेक्ट्रॉन आयनाकडून पाण्याकडे जातो. साधे सूत्र वापरले तर संगणक निसर्गात नसलेल्या पायऱ्या दाखवतो, आणि तितक्याच आत्मविश्वासाने दाखवतो. त्या खोट्या आहेत हे कळते कशावरून? मोजलेल्या वर्णपटावरून. आयोडाइडचे शोषण २२६ नॅनोमीटरला आहे हे शंभर वर्षांच्या मोजमापांनी ठरलेले नसते, तर कुठले सूत्र टाकायचे आणि कुठले ठेवायचे हे कोणालाच ठरवता आले नसते.

नायट्रेटही याच धड्याची दुसरी बाजू दाखवते. नायट्रेट आयन सपाट, तिन्ही बाजूंनी सारखा त्रिकोण आहे. त्याच्या समतोल आकारामुळे ३०२ नॅनोमीटरजवळचे एक शोषण खरे तर बंद असायला हवे. तरीही वर्णपटात तिथे छोटीशी टेकडी दिसते, मोठ्या डोंगराच्या साधारण हजाराव्या भागाइतक्या उंचीची. आयनाची स्वतःची थरथर आणि भोवतालच्या पाण्याची ओढाताण यांनी त्रिकोण क्षणभर वाकडा होतो आणि बंद वाट किंचित उघडते. निर्वातातल्या आदर्श त्रिकोणाचे गणित केले तर ही टेकडी येणारच नाही. हलत्या पाण्याची शेकडो क्षणचित्रे घेऊन प्रत्येकाचे गणित केले तर येते. टेकडी इवलीशी असली तरी तिचा परिणाम मोठा आहे. सूर्याचा प्रकाश ओझोनमधून पार होतो तो जेमतेम इथूनच सुरू होतो, आणि त्याने नायट्रेट फुटून नायट्राइट व अतिशय क्रियाशील हायड्रॉक्सिल मूलक तयार होतात. उन्हातल्या पाण्यात सेंद्रिय घाण जळण्याचा हा एक मार्ग आहे.

या सगळ्याचा कस लागतो तो समुद्रात. जामसंड्यापासून पश्चिमेला जे पाणी दिसते ते रसायनशास्त्राच्या दृष्टीने जगातल्या विशेष पाण्यांपैकी आहे. अरबी समुद्रात काही शे मीटर खोलीवर ऑक्सिजन जवळजवळ संपतो. तिथले जिवाणू श्वासासाठी नायट्रेट वापरतात, त्यामुळे नायट्रेट घटते आणि नायट्राइट साचते. पावसाळ्यात खालचे, ऑक्सिजनने गरीब पाणी पश्चिम किनाऱ्याच्या उथळ भागावर चढते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या सय्यद वाजिह नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिले की या पाण्यातला ऑक्सिजन इतका संपतो की नायट्रेटही खाऊन टाकले जाते आणि शेवटी हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तळाशी राहणाऱ्या माशांना अशा पाण्यात थारा नसतो. कोकणच्या मासेमारीशी या रसायनाचा संबंध थेट आहे.

आता या पाण्यात अतिनील यंत्र सोडण्याची कल्पना करा. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे बे संस्थेतले केनेथ जॉन्सन आणि ल्यूक कोलेटी यांनी २००२ मध्ये असे यंत्र प्रसिद्ध केले. ते रसायने न घालता, समुद्रातच, अतिनील वर्णपट घेते आणि त्यावरून तीन आयन काढते: नायट्रेट, ब्रोमाइड आणि बायसल्फाइड. तिघांचेही डोंगर एकमेकांत शिरलेले. यंत्र तिन्ही वेगळे मोजत नाही. ते एक सलग वक्र मोजते, आणि कोणत्या आयनाचा किती वाटा धरला तर तो वक्र जुळतो हे गणित शोधते. अरबी समुद्रात त्यात नायट्राइटही भर घालते. त्याचा डोंगर नायट्रेटच्या इतका जवळ आहे की दोघांना वेगळे करणे अवघडच. अशी यंत्रे पुढे समुद्रात खालीवर जाणाऱ्या स्वयंचलित तरंगकांवर बसली.

आणि मग पाण्याने आपला वाटा मागितला. ब्रोमाइडचे शोषण तापमानाबरोबर बदलते. असे होणारच होते. इलेक्ट्रॉन थांबतो ती पोकळी पाण्याची, आणि पाणी तापले की पोकळी बदलते, डोंगर लांब तरंगलांबीकडे सरकतो. प्रयोगशाळेत एका ठरावीक तापमानाला केलेले मापांकन घेऊन यंत्र २८ अंशांच्या पृष्ठभागावरून १० अंशांच्या खोल पाण्यात गेले, की ब्रोमाइडचा वाटा चुकीचा वजा होतो आणि ती चूक नायट्रेटच्या नावावर चढते. कॅरोल साकामोतो, जॉन्सन आणि कोलेटी यांनी २००९ मध्ये तापमान धरून नवे सूत्र दिले. नायट्रेटचे आकडे त्यानंतर बरेच विश्वासार्ह झाले. पण या कथेतला सर्वांत मोलाचा भाग सूत्राच्या आधीचा आहे. तरंगक नुसता नायट्रेटचा आकडा पाठवत नाहीत. कुठल्या तरंगलांबीला किती प्रकाश आला, ती मूळ नोंदही पाठवतात आणि ती जपून ठेवली जाते. म्हणून सूत्र सुधारले की जुन्या फेऱ्यांचे आकडे पुन्हा काढता येतात. समुद्रात जाऊन परत मोजावे लागत नाही. २०१० च्या मान्सूनमधले पाणी तसेही आता कोणाला परत मोजता येणार नाही.

आपल्या विहिरींच्या बाबतीत आपण नेमके उलट करतो. वर्णपटमापक २२० आणि २७५ ला वाचन घेतो, वजाबाकी होते, आकडा छापला जातो आणि दोन मूळ वाचनेसुद्धा फार तर प्रयोगशाळेच्या वहीत राहतात. दहा वर्षांनी कोणी विचारले की त्या वर्षी नायट्रेट वाढले होते की पहिल्या पावसाने पानांचा कुजका भाग विहिरीत वाहून आला होता, तर उत्तर द्यायला हातात काही नसते. आकडा हा त्या दिवशीच्या गृहीतकांनी दिलेला निकाल असतो. वर्णपट हा पुरावा असतो. निकाल ठेवून पुरावा फेकून देणे ही पाणी तपासणीतली आपली सर्वांत महागडी काटकसर आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालेल्या जल जीवन अभियानात गावोगावच्या महिलांना क्षेत्र-तपासणी संच वापरायला शिकवले गेले. त्यात नायट्रेट रंगावरून पाहतात. पाणी प्यायचे की नाही हे त्याच दिवशी ठरते. तान्ह्या मुलासाठी घागर भरणाऱ्या बाईला वर्णपट नको, उत्तर हवे. हे पूर्ण मान्य करावे लागते. त्या बाईच्या निर्णयासाठी रंगाची पट्टी पुरेशी आहे आणि तिच्या जागी अवजड यंत्र आणणे अन्यायच ठरेल. पण जिल्ह्याच्या प्रयोगशाळेचे काम वेगळे आहे. शोषखड्डे विहिरीपासून किती लांब हवेत, आमराईत खत किती आणि केव्हा घालावे, खाडीचे पाणी दर उन्हाळ्यात किती आत येते, या प्रश्नांना वर्षांची रांग लागते, आणि त्या रांगेतला प्रत्येक आकडा त्या त्या वेळच्या वजाबाकीवर अवलंबून असेल तर रांगेचा उपयोग मर्यादित.

दुसरा आक्षेप खर्चाचा. तो टिकत नाही. विज्ञान शाखा असलेल्या बऱ्याच महाविद्यालयांत अतिनील-दृश्य वर्णपटमापक असतो. तो दोनच तरंगलांबींना मोजतो त्याच नमुन्यावरून पूर्ण पट्टाही काही मिनिटांत घेतो. २०० ते ४०० नॅनोमीटर, एकेका नॅनोमीटरला एक, असे २०१ आकडे होतात. मोबाइलमधल्या एका छायाचित्राला लागते त्याच्या अंशभर जागेत ते मावतात. त्यांच्यासोबत हवी ती माहिती: विहिरीचे ठिकाण, तारीख, पाण्याचे तापमान, कुठल्या कागदातून गाळले, आम्ल घातले की नाही, किती पट पातळ केले, क्युवेट किती सेंटिमीटरची, क्लोराइड किती आणि लोह किती. बोअरच्या पाण्यात लोह विरघळून येते, हवेत आल्यावर तांबूस गाळ बसतो, आणि आम्लात तो पुन्हा विरघळला तर २२० आणि २७५ दोन्हीकडे ढवळाढवळ करतो. जांभ्याच्या मुलखात ही नोंद सोडून चालणार नाही.

देवगड तालुक्यात अशी सुरुवात करायची तर वर्षातून दोनच वेळा पुरतील: मे अखेरीस, विहिरीचा तळ दिसू लागलेला असताना, आणि जुलैत, ती काठोकाठ भरल्यावर. मेमध्ये खाडीकडून आलेले क्लोराइड वाढलेले असेल आणि डावीकडच्या टोकाला ब्रोमाइडचा उतार डोकावतो का ते पाहता येईल. जुलैत सड्यावरून वाहून आलेला पालापाचोळा वक्राची शेपटी २७५ च्या पलीकडे लांबवेल, आणि दुपटीचा नियम तिथल्या पाण्याला लागू पडतो की दीड-अडीचपट धरावे लागते हे त्या शेपटीवरूनच काढता येईल. दोन-तीन पावसाळ्यांच्या नोंदी झाल्या की जामसंड्याच्या पाण्यापुरता तो गुणक जामसंड्यातच ठरवता येईल, आणि त्याने आधीच्या सगळ्या नमुन्यांचे नायट्रेट पुन्हा काढून पाहता येईल.